कमरेवरचे हात

विठ्ठला, इथे रात्रीचा एक वाजला आहे. पंढरपुरात साडेचार झाले असतील, काकडआरतीला उभ्या असलेल्या माणसांनी तुला जागं केलं असेल. तू उठतोस तेव्हा इथे मी जागीच असते. म्हणून तुझ्याशी बोलायला ही वेळ मी धरून ठेवली आहे.

मी मलावीत आहे, देवा. आफ्रिकेच्या नकाशात उजव्या अंगाला एक लांबट तळं दिसतं, त्याच्या कडेकडेने पसरलेला हा चिंचोळा देश. देशाच्या दक्षिणेला, चहाच्या मळ्यांपलीकडे, एक सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. त्याच्या प्रसूतिकक्षाबाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर बसले आहे. आत चार खाटा. तीन बायका कळा देताहेत, चौथी सुटली आहे आणि कुशीवर झोपली आहे. कक्ष इथल्या दोन परिचारिका सांभाळतात, मी त्यांच्या हाताखाली. पगार नाही, राहायला खोली आहे आणि जेवायला मिळतं. सरकारी नोकरी संपल्यावर इथल्या परिचर्या परिषदेत तात्पुरती नोंदणी करून आले. बरोबरीच्या बायका म्हणाल्या, या वयात नातवंडं खेळवायची, कुठे समुद्रापार बाळंतपणं करत हिंडतेस? मी सेवा वगैरे काहीतरी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण दुसरं होतं. ते तुला सांगते.

मला एका बाईची माफी मागायची आहे आणि ती मला सापडत नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते, एका ग्रामीण रुग्णालयात नवीन लागलेली. ती पहिलटकरीण. अठरा-एकोणीसची असेल. संध्याकाळी आली आणि रात्रभर ओरडत राहिली. माझी सलग दुसरी पाळी होती, पाय सुजले होते, बाकीच्या बायका जाग्या होत होत्या. मी तिच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाले, नवऱ्यापाशी जाताना नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस? हे वाक्य तुला ठाऊक आहे, देवा. आपल्याकडे किती प्रसूतिकक्षांच्या भिंतींनी ते ऐकलं आहे. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. वरच्या बायका म्हणायच्या, ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं होतं, आणि त्या रात्री ते माझं झालं.

ती गप्प झाली. नंतरच्या कळा तिने ओठ दाताखाली धरून काढल्या. मूल बाहेर आलं तेव्हाही तिच्या तोंडून आवाज आला नाही. मी बाळ दाखवलं, तर तिने माझ्याकडे न बघता बाळाकडे बघितलं. त्या वेळी तिचं ते गप्प होणं मला माझी हुशारी वाटली. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, की मी कशी तिला ताळ्यावर आणली.

त्यानंतर ते वाक्य मी किती वर्षं म्हणत राहिले ते मला विचारू नकोस.

माझी आजी सुईण होती. भीमेच्या काठच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर अडलेल्या बाईसाठी तिचं नाव घ्यायचे. आजीच्या हाताखाली बायका मोकळ्या गळ्याने ओरडायच्या. बाई उकिडवी बसलेली आणि आजी तिच्या पाठीमागे, दोन्ही गुडघ्यांनी तिची कंबर दाबून धरलेली. बाईने हाक मारली की आजी हुंकार द्यायची. काही बोलायची नाही, नुसता हुंकार. सुटका झाली की म्हणायची, हातीपायी सुटली बाई. मी हे सगळं दाराच्या फटीतून पाहिलं आहे. पण तिच्या हातचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. ती विळ्याने नाळ कापायची. सातव्या-आठव्या दिवशी बाळाची दातखीळ बसायची, अंग धनुष्यासारखं वाकायचं, आणि घरातले म्हणायचे बाहेरचं लागलं. तो धनुर्वात होता. त्या पोरांसाठी मी शिकले. 2015 साली देशातून नवजात बाळांचा धनुर्वात हटला असं जाहीर झालं, तेव्हा मी घरात एकटीच होते. आजीच्या फोटोपुढे साखर ठेवली आणि बराच वेळ रडले. आजीचा विळा आम्ही टाकला ते बरंच झालं. विळ्याबरोबर तिचा हुंकारही कधी टाकला गेला, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

इथे आले आणि तू माझी जीभ काढून घेतलीस.

इथल्या बायका चिचेवा बोलतात. आल्यावर मला पाच-सहा शब्द शिकवले आणि उभी केली. मायी म्हणजे बाई, आई; मान देऊन कुणालाही हाक मारायला. पांगोनो पांगोनो, हळूहळू. कांखानी, जोर कर. झिकोमो, उपकार झाले. पुमानी म्हणजे श्वास घे, आणि पुमानी म्हणजेच विसावा घे. दोन्हीला एकच शब्द. आणि पेपानी. ह्या शब्दाला आपल्याकडे जोड नाही, विठ्ठला. चुकलं तर माफी मागताना म्हणतातच, पण रस्त्यात अनोळखी माणसाला ठेच लागली तरी म्हणतात. त्याच्या ठेचेत आपला काही दोष नसतो. तुला दुखलं ते मला कळलं, एवढाच त्याचा अर्थ. एवढ्या शब्दांत कुणाला झापता येत नाही. चाळीस वर्षं माझ्या तोंडात जे जे साठलं होतं, त्यातलं इथे एकही वाक्य चालत नव्हतं. सुरुवातीचे पंधरा दिवस मला मी लुळी झाल्यासारखी वाटले.

आणि एक शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही. पहिल्याच रात्री कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, मायो! मी चमकून मागे वळले. आपल्या मुलखातली बाई कळ आली की मायो म्हणते, अगदी तशीच. मी विचारलं तर परिचारिका म्हणाली, आईला हाक मारतेय. एवढा समुद्र मध्ये असून दुखण्याने आईला हाक मारायचा सूर तू एकच कसा ठेवलास?

ज्या रात्रीबद्दल बोलायचं म्हणून मी खरं तर बसले आहे, ती पावसाळ्यातली. वीज गेली होती. खाटेवर आपापला काळा प्लास्टिकचा कागद बायकांनीच अंथरलेला, कारण तो घरून आणावा लागतो. ब्लेड, घमेलं आणि दोन-तीन चितेंजेही आणावे लागतात. चितेंजे म्हणजे इथलं रंगीत, छापील, कमरेला गुंडाळायचं कापड. त्यातच बाळ पुसतात, त्यातच गुंडाळतात आणि त्यातच पाठीशी बांधतात. आपल्याकडे आई-आजीच्या जुनेरांची बाळोती करतात, ते आठवलं. ती मुलगी सोळा-सतरा वर्षांची. पहिलटकरीण. सोबत आलेली आजी बाहेर नातेवाइकांच्या निवाऱ्यात चुलीपाशी, कारण आत जागा नाही. परिचारिका दुसऱ्या बाईच्या रक्तस्रावात गुंतल्या होत्या. मोबाईलचा दिवा खुंटीला अडकवून मी आणि ती मुलगी, दोघीच.

ती ओरडायला लागली, आणि माझ्या तोंडाशी ते जुनं वाक्य आलं. मराठीत आलं. तिला कळणारच नव्हतं, म्हणून म्हणायलाही हरकत नव्हती. देवा, मी ते गिळलं. ते गिळताना घशाला काय झालं ते तुला माहीत आहे.

मग ती खाटेवरून उतरली. भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, पाय जुळवलेले, दोन्ही हात कमरेवर, डोळे मिटलेले. वरून दिव्याचा उजेड. मी तिच्याकडे बघतच राहिले. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, विठोबाने कमरेवर हात का ठेवलेत? आजी म्हणाली होती, पुंडलिकाला आईबापाच्या सेवेतून सवड नव्हती, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला, म्हणून तो थांबलाय. मी आजवर तेच धरून चालले होते, की तू थांबण्यातला मोठा. त्या रात्री मला वाटलं, तू नुसता थांबला नाहीस. तू कळा सोसत उभा आहेस. युगानुयुगं आम्ही सगळे तुझ्या पोटात, आणि तू कमरेला हात लावून उभा. उगीच का आमची माणसं तुला विठाई म्हणतात? बापाच्या नावाला आईचा प्रत्यय असा कोण लावतं?

चुकलं असेल तर माझ्या पदरात घाल. शास्त्र मला येत नाही.

मी तिच्या मागे गेले आणि तिच्या हातांवर माझे हात ठेवले. कळ आली की दाबायचं, गेली की सैल सोडायचं. पेपानी, पुमानी. पेपानी, पुमानी. मध्येच माझ्या नकळत आजीचा हुंकार माझ्या घशातून आला. मग तोच येत राहिला. दर अर्ध्या तासाने मी तिच्या पोटाला लाकडी नळी लावून कान टेकवायची. फ्रान्सच्या पिनार डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली ही नळी अजून इथे चालते, तिला वीज लागत नाही. तुझ्या पायांवर कपाळ टेकवताना जसं वाकावं लागतं, तसंच ह्या नळीसाठी वाकावं लागतं. आत ठोके चालू होते. एकशे चाळीस. मी तिच्या तळहातावर बोटाने तोच ठेका वाजवून दाखवला. ती पहिल्यांदा हसली.

पहाटे मूल आलं आणि रडलं नाही. निळसर, सैल. पहिल्या मिनिटात श्वास लागायला हवा, हे मी स्वतः किती मुलींना शिकवलं आहे. चितेंजेने पुसलं, पाठ चोळली. नाही. श्वास द्यायची पिशवी आणि मुखवटा घेतला. छाती उचलली जाते आहे ना तेवढं बघत दाबत राहिले, आणि तोंडाने काय म्हणत होते, तर पुमानी. रात्रभर आईला म्हटलेला शब्द मुलाला. श्वास घे, बाबा. ब्लांटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात अशक्त बाळांना श्वासाला मदत करणारं एक साधं, स्वस्त यंत्र तपासून पाहिलं होतं. त्याचं नावही पुमानीच ठेवलं आहे. कुणीतरी माझ्यासारखंच पुटपुटलं असेल. मूल शिंकलं, मग रडलं. त्याची आई तर आधीपासूनच रडत होती, मोठ्याने, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या मुलीच्या गर्भपिशवीचं तोंड सात सेंटिमीटरवर बराच वेळ अडलं होतं. कळांची वाटचाल नोंदवायच्या आमच्या तक्त्यावर रेघा असतात. 1972 साली इथून जवळच, आज ज्याला झिंबाब्वे म्हणतात तिथल्या फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्या आखल्या. एक सावध करणारी, आणि तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, आता काहीतरी करा म्हणणारी. ह्या रेघांनी असंख्य अडलेल्या बायका वाचवल्या, त्यांना नावं ठेवणारी मी कोण. पण तासाला एक सेंटिमीटर ते तोंड उघडलंच पाहिजे, ह्या हिशेबाने आम्ही किती बायकांना घाई केली. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की प्रत्येक बाई त्या वेगाने चालत नाही, बाळ आणि बाई ठीक असतील तर थांबा. 2020 च्या त्यांच्या नव्या तक्त्यात तर पाणी प्यायली का, कशी बसली आहे याच्याही चौकटी आहेत, आणि एक चौकट आहे, सोबत कोणी आहे का? हो, नाही, किंवा बाईलाच नको. पंधरा हजारांहून जास्त बाळंतपणं तपासून विद्वानांनी 2017 साली लिहून ठेवलं, की सतत कोणी जवळ राहिलं तर बाई लवकर मोकळी होते आणि पोट फाडायची वेळ कमी येते. माझ्या आजीला हे कळलं असतं तर तिने हुंकार दिला असता.

आता आणखी एक रात्र. ती मी तुझ्यापासून लपवत नाही, पण लवकर सांगून टाकते.

लांबच्या खेड्यातून आणलेली बाई. पाचवं बाळंतपण. मूल झालं, वार पडली, आणि गर्भपिशवी आवळेना. ऑक्सिटोसिनची दहा युनिटं, पोट चोळणं, मिसोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरणं. एक बाटली रक्त मिळालं, दुसरी मिळाली नाही. क्रम चुकला नाही, विठ्ठला. कुणी आळस केला नाही. माझा हात तिच्या पोटावर होता तेव्हा ती गेली. परिचारिकांनी तिला धुतलं, तिच्याच चितेंजेत गुंडाळलं, आणि बाहेर बायका गायला लागल्या. इथे मृत्यूपाशी बायका गातात. तिची सासू हातात न्सिमाचं भांडं घेऊन आली होती. मक्याच्या पिठाचं ते जेवण तिने सुनेसाठी शिजवलं होतं. भांडं कुठे ठेवावं ते तिला सुचेना. शेवटी ते मी घेतलं.

ह्या देशात 2015-16 च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे 439 बायका गेल्या. 2000 साली हाच आकडा 1120 होता, तो खाली आणायला ही माणसं किती झिजली असतील ते बघ. माझ्या महाराष्ट्रात 2018-20 मध्ये तो 33 होता. त्या 33 मधल्या बाईला आणि ह्या 439 मधल्या बाईला तू वेगळी करत नाहीस, एवढं मला माहीत आहे. मग हा फरक आमचा. रक्ताच्या बाटलीचा, रस्त्याचा, रुग्णवाहिकेच्या तेलाचा, आणि दोघींच्या जागी पाच परिचारिका नसण्याचा. तो तुझ्या माथी मारून मी झोपायला जाणार नाही. पण तो मिटवणाऱ्यांच्या अंगात बळ घाल, आणि पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांना झोप लागू देऊ नकोस.

तिचं मूल कमी वजनाचं होतं. सासूने त्याला उघडं करून आपल्या सुरकुतलेल्या छातीशी धरलं, वरून कापड बांधलं. तसंच शिकवतात इथे, कातडीला कातडी. पाचव्या रात्री मी त्यांच्या खाटेजवळ कोरा कागद आणि पेन ठेवून आले. सकाळी ते तसंच होतं. सटवाईला सांग, देवा. सीमा ओलांडायला तिला परवाना लागत नाही. त्या पोराच्या कपाळी तिने चांगलं लिहिलं असू दे. लिहायचं राहिलं असेल तर पुन्हा पाठव तिला.

आता मागायचं ते मागते.

इथल्या त्या दोघींना सांभाळ. मी काही महिन्यांची पाहुणी. माझं जाणं-येणं होईल, त्या उद्याही इथेच असतील, परवाही. त्यांना पाठदुखी देऊ नकोस. त्यांना हातमोजे पुरू देत. वीज टिकू दे, नाही टिकली तर मोबाईलची बॅटरी टिकू दे. शीतपेटी थंड राहू दे, नाहीतर ऑक्सिटोसिनचा जोर जातो आणि बाटलीवरून ते कळत नाही. मी इथे शिकवायला आले असं मला कधी वाटलंच, तर त्या मुलीची कंबर माझ्या हातांना आठवू दे. कधी थांबायचं आणि कधी धावायचं ते मला त्या त्या वेळी कळू दे. आधी नको, नंतर नको.

आणखी दोन महिन्यांनी मी घरी येईन. विमानातून उतरले की माझी जीभ मला परत मिळेल, सगळी, धारेसकट. मला तिचीच भीती आहे. परिचर्या महाविद्यालयातल्या मुलींना शिकवायला मला बोलावलं आहे. त्यांच्यापुढे उभी राहीन तेव्हा मी ते जुनं वाक्य मोठ्याने म्हणेन, आणि ते मीच म्हटलं होतं असं सांगेन. तेव्हा माझा आवाज कापू देऊ नकोस. त्यांच्यातल्या एकीच्या जरी तोंडात ते बसायचं राहिलं तरी बास.

आणि ती. तिचं नाव मला आठवत नाही. नोंदवही कधीच वाळवीने खाल्ली असेल. तुला आठवत असेल. आता ती साठीला आली असेल, असली तर. त्या रात्री तिला मुलगी झाली होती, तेवढं मला पक्कं आठवतं. काळंभोर जावळ होतं. त्या मुलीला मुली झाल्या असतील. त्यांच्यातली एखादी आज, ह्या घटकेला, कुठल्यातरी रुग्णालयात भिंतीला पाठ टेकून कमरेवर हात ठेवून उभी असेल. तिच्या मागे कुणीतरी उभं कर. कुणीही चालेल. मावशी, आया, झाडणारी बाई. आणि ती ओरडेल तेव्हा, विठ्ठला, तिला ओरडू दे.